दप्तर कोणाच्या घरात?

माझ्या एका सहकाऱ्याचे 2021 च्या मे महिन्यात, साथीच्या दुसऱ्या लाटेत निधन झाले. आम्ही एकाच वर्षी सेवेत दाखल झालो आणि दोघांनीही उमेदीचा बराच काळ दक्षिण ओडिशाच्या डोंगराळ जिल्ह्यांत काढला. त्याने 2011 मध्ये स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि एक काम आपणहून अंगावर घेतले. कोरापुटच्या परिसरातील गावोगावी फिरायचे, वृद्धांशी बोलायचे, आणि कोणत्या ओढ्यापर्यंत कोणत्या गावाची गुरे चरत, कोणत्या टेकडीवर कोणती कुळे नाचणी पेरीत, कोणते झाड दोन गावांची शीव मानले जाई, हे लिहून घ्यायचे. रात्री घरी आल्यावर त्यातील एक नोंद, वहीच्या पानाच्या छायाचित्रासह, तो एका व्यापारी समाजमाध्यमावरील आपल्या खात्यावर टाकत असे. सुमारे नऊ वर्षे हा क्रम चालला. नोंदींची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली असावी.

त्याच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी कोणीतरी ते खाते बळकावले. त्याच्या नावाने आणि छायाचित्रासह तेथे चष्मे व घड्याळे यांच्या जाहिराती झळकू लागल्या. कुटुंबाने तक्रार केली. कंपनीने तक्रारीची दखल घेतली ती अशी की, नियमभंग झाल्याचे कळवून संपूर्ण खातेच बंद केले. त्याच्या मुलीने मृत्यूचा दाखला जोडून वारंवार लिहिले. प्रत्येक वेळी उत्तर यंत्राकडून आले आणि प्रत्येक वेळी ते एकच होते. वह्या शोधाव्यात, तर त्या राहिल्या नव्हत्या. 2018 मध्ये लहान घरात राहायला जाताना त्याने त्या रद्दीत दिल्या होत्या. ‘सगळे वर ठेवलेले आहे, कागद कशाला सांभाळायचे?’ असे तो मलाही म्हणाला होता. त्या वेळी मला ते शहाणपणाचे वाटले होते, हे येथे कबूल केले पाहिजे.

वनहक्क कायदा, 2006 च्या नियमांनुसार दाव्याच्या पुष्ट्यर्थ गावातील वृद्धांचे लेखी नोंदवलेले कथन पुरावा म्हणून ग्राह्य धरले जाते. माझ्या सहकाऱ्याच्या नोंदी म्हणजे काही दाव्यांची अधिकृत कागदपत्रे नव्हेत. परंतु ज्यांच्याशी तो बोलला, त्यांतील बहुतेक माणसे आज हयात नाहीत. ते कथन आता पुन्हा कोणाला नोंदवता येणार नाही.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला यातून एक प्रश्न पडला, तो भावनेचा नसून व्यवस्थेचा आहे. माणसाने जन्मभर लिहिलेले दप्तर नेमके कोणाच्या घरात असावे?

या प्रश्नाचे एक जुने उत्तर पुदुच्चेरीत सापडते. फ्रेंच कंपनीचा दुभाषी आणि व्यापारी आनंद रंग पिळ्ळै याने 1736 पासून 1761 मध्ये मृत्यू येईपर्यंत तमिळमध्ये दैनंदिनी लिहिली. बंदरात आलेली गलबते, कापडाचे भाव, गव्हर्नर डुप्ले याच्याशी झालेली बोलणी, घरातील आजारपणे, इंग्रजांशी झालेली युद्धे, सारे त्यात आहे. ती कोणी छापली नाही, कोणी मागितलीही नाही. 1846 मध्ये पुदुच्चेरीतच ती एका फ्रेंच गृहस्थाच्या नजरेस पडली. पुढे 1904 ते 1928 या काळात मद्रास सरकारने तिचे इंग्रजी भाषांतर बारा खंडांत प्रसिद्ध केले. अठराव्या शतकातील कर्नाटकाचा इतिहास आज या दैनंदिनीवाचून लिहिता येत नाही. लिहिणाऱ्याच्या मृत्यूनंतर पंच्याऐंशी वर्षे कोणाचेही लक्ष नसताना ते कागद टिकले, कारण ते कोणाच्या मर्जीवर अवलंबून नव्हते.

मराठी वाचकांना हे निराळे सांगण्याची गरज नाही. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी 1898 पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध केली, ती घराघरांतील पेट्या, गाठोडी आणि माळे धुंडाळून. देशमुखांच्या, कुलकर्ण्यांच्या, पुजाऱ्यांच्या घरी ते कागद होते म्हणून राजवाड्यांना शोधता आले. ओडिशात आमच्याकडे ताडपत्रे होती. ताडपत्राला कीड लागते, दमट हवेत ते ठिसूळ होते. म्हणून प्रत जीर्ण झाली की नवी प्रत करण्याची पद्धत होती. जतन म्हणजे वस्तू एका जागी ठेवणे नव्हे, तर अनेक हातांनी तिच्या प्रती करीत राहणे, हा धडा त्या पद्धतीत आहे. त्यासाठी प्रत करण्याचा हक्क आणि प्रत करण्याजोगी वस्तू, दोन्ही आपल्या हातात असावी लागतात.

व्यापारी समाजमाध्यमावर यांपैकी काहीच आपल्या हातात नसते. आपण तेथे मालक नसतो, भाडेकरूही नसतो. भाडेकरूला निदान भाडेपट्टा असतो आणि त्याला घराबाहेर काढण्यापूर्वी नोटीस द्यावी लागते. आपल्या देशाचा गेल्या पंधरा वर्षांचा अनुभवच पाहावा. ऑर्कुट ही सेवा भारतात एके काळी एवढी लोकप्रिय होती की तिच्या सर्वांत मोठ्या बाजारपेठांत ब्राझीलबरोबर भारताचे नाव घेतले जाई. 30 सप्टेंबर 2014 रोजी ती बंद झाली. सामान्य वापरकर्त्यांसाठीचे गूगल प्लस 2 एप्रिल 2019 रोजी बंद झाले. 29 जून 2020 रोजी केंद्र सरकारने सुरक्षेच्या कारणास्तव टिकटॉकसह 59 अ‍ॅपवर बंदी घातली. बंदीच्या योग्यायोग्यतेत मी येथे शिरत नाही. पण खेड्यापाड्यांतील असंख्य लोकांनी आपापल्या बोलीत तयार केलेले सारे त्या एका रात्रीत त्यांच्यासाठी दुर्गम झाले, हे खरे आहे. मग स्वदेशी पर्याय म्हणून ‘कू’ पुढे आले, काही केंद्रीय मंत्रालयांनीही तेथे खाती उघडली, आणि जुलै 2024 मध्ये तेही बंद झाले. परदेशी असो वा स्वदेशी, कंपनीचे आयुष्य तिच्या ताळेबंदाएवढे असते. तो तिचा दोष नव्हे, तो तिचा स्वभाव आहे. दोष आपला, की आपण तिला अभिलेखागार समजलो.

बंद पडणे हा त्यातील एक धोका झाला. दुसरा धोका सेवा उत्तम चालू असतानाचाच आहे. या माध्यमांचे उत्पन्न जाहिरातींतून येते आणि जाहिरातींचे मोल वाचकाच्या थांबण्यावर ठरते. त्यामुळे कोणाला काय दिसावे याचा क्रम लेखक ठरवीत नाही, वाचकही ठरवीत नाही. ज्या मजकुरावर माणूस अधिक काळ अडकेल, तो वर येतो. संताप लवकर अडकवतो. शीव दाखवणाऱ्या झाडाची नोंद अडकवीत नाही. माझ्या सहकाऱ्याला हे जाणवत असे. अखेरच्या दोन वर्षांत त्याच्या नोंदी आखूड आणि मते मोठी होत गेली होती. तो बदलला नव्हता. ज्या जागेत तो लिहीत होता, त्या जागेने त्याला तसे लिहायला शिकवले होते.

जाहिरात आणि लेखन यांच्यातील हे नाते आपल्याकडे फार पूर्वी ओळखले गेले होते. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत 1904 मध्ये ‘इंडियन ओपिनियन’चा छापखाना दर्बानजवळच्या फीनिक्सच्या शेतावर हलवला आणि पुढे त्या पत्रात जाहिराती घेणे थांबवले. भारतात आल्यावर ‘यंग इंडिया’ आणि ‘नवजीवन’ याच धोरणाने चालवली. डॉ. आंबेडकरांनी 31 जानेवारी 1920 रोजी ‘मूकनायक’ सुरू केले, त्यामागेही हीच जाणीव होती की इतरांच्या पत्रांत ज्यांना जागा नाही, त्यांनी आपली जागा उभी केली पाहिजे. साधने बदलली, प्रश्न तोच आहे.

2022 मध्ये, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, मी स्वतःचा ब्लॉग सुरू केला. त्यात पराक्रम काही नाही. सहकाऱ्याच्या मुलीनेच मला दोन संध्याकाळी बसवून शिकवले. ‘काका, तुम्ही तरी आता बाबांसारखे करू नका’, एवढेच ती म्हणाली. स्वतःच्या नावाचे डोमेन घ्यायचे. त्याचे वार्षिक शुल्क एखाद्या दैनिकाच्या वर्षभराच्या वर्गणीहून फारसे अधिक नाही. मजकूर साध्या फाइलींत आपल्या संगणकावर लिहायचा, त्याची प्रत सेवा पुरवणाऱ्याच्या यंत्रावर चढवायची. त्या पुरवठादाराने उद्या भाव वाढवले किंवा गाशा गुंडाळला, तर त्याच फाइली दुसरीकडे न्यायच्या. नाव आपलेच असल्याने पत्ता बदलत नाही. वाचकाला नव्या लेखाची वर्दी हवी असल्यास आरएसएस नावाची 1999 पासूनची साधी सोय आहे. तिच्यामुळे मजकूर ज्या क्रमाने लिहिला त्याच क्रमाने वाचकापर्यंत जातो, मध्ये कोणी दलाल उभा राहत नाही. आणि आपल्या लिपीचाही प्रश्न उरलेला नाही. 2014 पासून ‘.भारत’ हे देवनागरीतील डोमेन उपलब्ध आहे, म्हणजे मराठी माणसाला घराच्या पाटीपासून आतील मजकुरापर्यंत सारे मराठीत ठेवता येते.

माझे वाचक किती? बहुतेक दिवशी तीस-चाळीस. सेवेत असताना माझ्या अहवालांना याहून कमी वाचक होते, आणि तरीही त्यांतील काही अहवालांवर पुढे निर्णय झाले. वाचकांची संख्या हे लेखनाच्या उपयुक्ततेचे माप आहे, ही समजूत आपण अलीकडेच उसनी घेतली आहे.

येथे दोन आक्षेप न्याय्य आहेत आणि त्यांना उत्तर देणे आवश्यक आहे.

पहिला आक्षेप असा की स्वतःची जागा ही पूर्णपणे स्वतःची नसतेच. हे खरे आहे. जेम्स ऑगस्टस हिकी याने 1780 मध्ये कोलकात्यात भारतातील पहिले छापील वृत्तपत्र काढले. छापखाना त्याचा स्वतःचा होता; पण टपाल कंपनी सरकारचे होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये टपालातून ते पत्र नेण्यास बंदी झाली आणि दोन वर्षांत छापखान्याचे टंकही जप्त झाले. आपल्या काळातील उदाहरण 2006 मधील आहे. 11 जुलैच्या मुंबईतील लोकल बॉम्बस्फोटांनंतर केंद्राने काही मोजकी पाने रोखण्याचा आदेश दिला, तर इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांनी काही दिवस ब्लॉगच्या सबंध सेवाच बंद करून टाकल्या. म्हणजे घर आपले असले तरी रस्ता सार्वजनिक हवा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने 8 फेब्रुवारी 2016 रोजी डेटाच्या भेदभावपूर्ण दरांना मनाई केली, त्या निर्णयाचे महत्त्व मला यासाठी वाटते. एका कंपनीने निवडलेली मोजकी संकेतस्थळे फुकट आणि बाकीचे जग सशुल्क, अशी विभागणी त्या दिवशी झाली असती, तर माझ्यासारख्याच्या तीस-चाळीस वाचकांपर्यंत जाणारी पायवाट तेथेच बुजली असती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. समाजमाध्यमे वेगाने आणि फुकट पोहोचतात. गरिबाला, कमी शिकलेल्याला, घराबाहेर पडू न शकणाऱ्या स्त्रीला बोलण्याची पहिली संधी त्यांनीच दिली. हे मी नाकारत नाही. ओडिशातील दोन वादळे मी जवळून पाहिली. 29 ऑक्टोबर 1999 च्या महाचक्रीवादळात सुमारे 10 हजार माणसे दगावली. कित्येक तास जिल्ह्यांशी संपर्कच नव्हता. 3 मे 2019 च्या ‘फनी’ वादळापूर्वी सुमारे 12 लाख लोकांना सुरक्षित स्थळी हलवण्यात आले आणि त्या कामी मोबाइलवरील संदेशांचा मोठा वाटा होता. संदेश पोहोचवण्याच्या कामी या माध्यमांना तोड नाही. पण त्यांतील दुसरी बाजूही मी पाहिली आहे. 1999 च्या मदतकार्याचे आदेश, धान्याचे वाटप, चुकांवर झालेल्या चौकश्या, हे सारे नस्त्यांत आहे. वीस वर्षांनी मला त्यांतील माझ्याच सहीचे एक चुकीचे टिपण सापडले आणि त्यातून मी काही शिकलो. अलीकडच्या एका आपत्तीतील असेच आदेश शोधायला गेलो, तेव्हा एका कार्यालयात मला सांगण्यात आले की ते ग्रुपवर होते, आणि ज्या अधिकाऱ्याच्या मोबाइलवर तो ग्रुप होता, त्यांची बदली झाली आहे.

म्हणून माझे म्हणणे माध्यम सोडा असे नाही. निरोप तेथे द्यावा, दप्तर तेथे ठेवू नये, एवढेच आहे. दवंडी पिटणारा चावडीवर उभा राहतो. चावडीचे दप्तर तो आपल्या घरी नेत नाही.

हे व्यक्तीइतकेच शासनाला लागू आहे, आणि येथे आपले कायदे अपुरे किंवा दुर्लक्षित आहेत. केंद्राच्या सार्वजनिक अभिलेख कायदा, 1993 मध्ये संगणकाने निर्माण केलेली सामग्रीही सार्वजनिक अभिलेख मानली आहे. शासकीय कामाखेरीज असा अभिलेख केंद्राच्या पूर्वपरवानगीवाचून देशाबाहेर नेल्यास पाच वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे. महाराष्ट्राचाही 2005 चा स्वतंत्र कायदा आहे. तरीही आज मंत्रालयापासून तहसीलपर्यंत कित्येक घोषणा, खुलासे आणि नागरिकांच्या तक्रारींना दिलेली उत्तरे प्रथम, आणि अनेकदा केवळ, कंपन्यांच्या मंचांवर असतात. माहितीचा अधिकार कायदा, 2005 चे कलम 4 प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाला आपले अभिलेख सूचीबद्ध ठेवण्यास बजावते. जे आपल्या ताब्यातच नाही, त्याची सूची कशी करणार? नियम सोपा असावा: शासनाचा प्रत्येक शब्द आधी शासनाच्या संकेतस्थळावर, दिनांक आणि कायम पत्त्यासह, मग तो हवा तेथे पसरवावा.

व्यक्तीच्या बाबतीत डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 कडे पाहावे लागते. त्याच्या कलम 14 मध्ये मृत्यूनंतर किंवा असमर्थतेच्या प्रसंगी आपले हक्क बजावण्यासाठी वारस नेमण्याची सोय आहे, ही स्वागतार्ह गोष्ट. परंतु हक्क कोणते? डेटाचा गोषवारा मागणे, दुरुस्ती, पुसून टाकणे. स्वतःचा सारा मजकूर वापरण्याजोग्या स्वरूपात उचलून दुसरीकडे नेण्याचा हक्क 2019 च्या विधेयकात होता. 2023 च्या कायद्यात तो वगळला गेला. युरोपच्या नियमावलीत तो आहे. म्हणजे नेमलेल्या वारसाला नव्या कायद्यानुसार मृताचा डेटा पुसण्याची मागणी करता येईल, त्याचे लेखन परत मागता येईलच असे नाही. ही उणीव दुरुस्त करण्यास एका कलमाची दुरुस्ती पुरे.

तिसरी गोष्ट ग्रंथालयांची. 1954 च्या कायद्यानुसार देशात प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि चेन्नई, मुंबई व दिल्ली येथील ग्रंथालयांना द्यावी लागते. हा कायदा पुस्तके आणि वृत्तपत्रे यांपुरता आहे. ब्रिटनने 2013 मध्ये आपल्या अशाच कायद्याची कक्षा वाढवून संकेतस्थळांचाही समावेश केला; डेन्मार्क आणि फ्रान्स त्याच्याही आधी त्या वाटेने गेले. भारतात ओडिया, संथाली, मराठी, कोकणी अशा भाषांत स्वतंत्रपणे लिहिणाऱ्यांचे लेखन जमा करून घेणारी अशी कायदेशीर यंत्रणा उभारण्यास आता उशीर होऊ नये. कारण ब्लॉगलाही मरण आहे. डोमेनचे शुल्क भरणारा गेला की घराची पाटी उतरते. म्हणून मी दर वर्षाच्या अखेरीस माझा सारा मजकूर छापून, बांधून, त्याची एक प्रत घरी ठेवतो आणि एक जिल्हा ग्रंथालयाला देतो. ग्रंथपालांनी पहिल्या वर्षी ती कोणत्या नोंदवहीत चढवावी म्हणून डोके खाजवले. गेल्या वर्षी त्यांनी तिच्यासाठी फडताळात जागा केली.

माझ्या सहकाऱ्याच्या कामाचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. गेल्या हिवाळ्यात त्याची मुलगी आणि मी त्याच्या फिरतीच्या गावांत गेलो होतो. एका शाळेतील शिक्षकाने आपल्या परिसराविषयीच्या त्याच्या नोंदी वेळोवेळी छापून एका फाइलमध्ये लावून ठेवल्या होत्या. मुलांना वाचून दाखवण्यासाठी, असे त्यांनी सांगितले. दोन हजारांपैकी त्या एकसष्ट निघाल्या. आम्ही त्यांच्या तीन प्रती केल्या: एक गावाच्या ग्रामसभेकडे दिली, एक तिच्याकडे आहे, आणि तिसऱ्या प्रतीतील नोंदी मी माझ्या ब्लॉगवर त्याच्या नावाने, त्याने लिहिल्या त्याच क्रमाने उतरवीत आहे. आठवड्याला एक. अजून चाळीस शिल्लक आहेत.